‘उघडू नये’ लिहिलेला डबा

परवा रविवारी भोसरीतल्या आमच्या ओट्यावर बसून मी एक स्टिकर नखाने सोलला… त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘उघडू नये’.

त्याचं असं झालं. नात मृण्मयी नववीत आहे. दोन वर्षं वाढदिवसाचे, दिवाळीचे पैसे साठवत होती, गेमच्या कन्सोलसाठी. जमत आले की भाव वाढायचा… पुन्हा जमत आले, पुन्हा वाढला. दुकानदार म्हणाला, मेमरीच्या चिपा महागल्यात, आता भाव खाली यायचं नाव घेणार नाही.

पोरगी घरी येऊन म्हणाली, “राहू द्या आजोबा, ते आपल्यासाठी नसतंच.”

हे मात्र मला लागलं. कंपनीच्या टूलरूममध्ये जन्म घालवला मी, फिटर म्हणून… आणि माझ्या नातीने असं म्हणायचं?

पिंपरी कॅम्पात सलीमभाईंचं रिपेअरिंगचं दुकान आहे. तिथे एक जुना कन्सोल धूळ खात पडलेला, डिस्क आत ओढत नव्हता. सुटा पार्ट मिळेना म्हणून ज्याचा होता त्याने तो तसाच सोडून दिलेला. सलीमभाई म्हणाले, “घेऊन जा चाचा. नाही चालला तर पेपरवेट करा.”

घरी आणून झाकणावरचा तो ‘उघडू नये’चा स्टिकर सोलला आणि उघडला. डिस्क ओढणारा रबरी रोलर झिजून गुळगुळीत झाला होता, बाकी सगळं ठणठणीत… आणि तिथेच मी माती खाल्ली. फिरतं काही दिसलं की फिटरचा हात तेलाकडे जातो. सोडले दोन थेंब. डिस्क आणखीच घसरायला लागली.

“आजोबा, त्याला पकड हवीये आणि तुम्ही तेल काय पाजताय?”

बरोबर होतं तिचं. तेल पुसून काढलं. सायकलच्या व्हॉल्ववर चढवतात ती रबरी नळी आणली, अन् तिनेच आपल्या बारीक बोटांनी ती रोलरवर बसवली. डिस्क सुर्रकन आत गेली… टीव्हीवर गेम सुरू.

आमच्या टूलरूमची एक रीत होती. मशीन ज्याने उघडलं, त्याने झाकणाच्या आतून नाव आणि तारीख लिहायची. मृण्मयीने मार्करने लिहिलं… आधी स्वतःचं नाव, खाली माझं.

भाव वाढवणाऱ्यांनी खुशाल वाढवावेत. कुणाच्या माळ्यावर बंद कन्सोल पडला असेल तर भंगारात घालू नका, रविवारी आमच्या ओट्यावर घेऊन या. आता नातच उघडते, मी नुसता बॅटरी धरून उजेड दाखवतो.

सलीमभाई, उपकार आहेत तुमचे… पेपरवेट मात्र दुसरा बघावा लागेल.