जाऊबाईंची कंबर

माझ्या मोठ्या जाऊबाई तयार कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीचं काम करतात. दिवसभर उभ्यानं, वाफेची जड इस्त्री हातात. दोन मुलांनंतर तिसरं नको, हे त्यांनी आणि मोठ्या दिरांनी मिळून ठरवलं. गर्भपाताला मात्र सोबत मी गेले. दीर नेमके त्याच दिवशी कामात अडकले. शूर माणूस.

सासूबाईंना कळू द्यायचं नव्हतं. जाऊबाईंना दिवस राहिलेत हे त्यांना माहीत नव्हतं, तरी त्या तिसऱ्या नातवंडाची वाट बघत होत्या. जुनी झबली धुऊन कपाटात ठेवली होती. "कंबर धरलीय म्हणून सांग," असं सुचवून दिरांनी काखा वर केल्या. कंबर बरी, चारचौघांत सांगता येते.

सासूबाईंनी ते खरं मानलं आणि तिथंच घोळ झाला. दवाखान्यात सांगितलं होतं, आराम करा, ओटीपोट शेका, गोळ्या चुकवू नका, ताप आला किंवा फार रक्त जायला लागलं तर लगेच या. सासूबाईंचं कंबरेचं शास्त्र वेगळं. त्यांनी गादी काढून घेतली आणि सुनेला फरशीवर चटईवर निजवलं. स्वतःचे गुडघे दुखत असताना रोज खाली बसून, तिला पालथं घालून तेल चोळायच्या. जाऊबाई उशीत तोंड खुपसून घ्यायच्या. मला त्या मायेचा संताप यायचा, कारण तिला नावं ठेवायला जागाच नव्हती. सासूबाई आंघोळीला गेल्या की मी घाईघाईनं पोट शेकून द्यायचे.

मग ताप भरला.

"जाऊबाई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"आईंना काय सांगू?"

दुपारपर्यंत त्या थडथड उडायला लागल्या. शेवटी सासूबाईंनीच रिक्षा बोलावली आणि आम्ही तिघी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो.

"कंबर धरलीय हो हिची. दुखण्यानंच ताप आलाय," सासूबाईंनी सांगून टाकलं. डॉक्टर इंजेक्शन भरायला लागले. आता जाऊबाई बोलल्या नाहीत तर मी बोलणार होते, मग घर मोडलं तरी बेहत्तर.

"कंबर नाही, डॉक्टर," जाऊबाई म्हणाल्या. "गर्भपात केलाय मी. पोटात दुखतंय. अंगावरून जातंय त्याला वास येतोय." मग मान न वळवता म्हणाल्या, "आई, तुमच्याशी खोटं बोलले."

सासूबाई ओरडल्या नाहीत. मांडीवरचा पदर सारखा करत बसून राहिल्या.

डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात धाडलं. गर्भाशयात थोडं राहून गेलं होतं, त्यात पू झाला होता. ते काढलं, सलाईन लावलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दीर भेटायला आले, खुर्चीच्या कडेला बसले आणि पंख्याकडे बघत राहिले.

घरी आणलं तेव्हा कपाटातली झबली गेलेली होती. चटई तशीच अंथरलेली होती.

संध्याकाळी शेजारीण दारात आली. "काय झालं हो सुनेला?"

"कंबर," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी फडक्याची घडी केली, तव्यावर तापवली, चटईपाशी आल्या आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "वळ."

पोटाला शेक हवाय, हे त्यांनी रुग्णालयात माझ्याबरोबरच ऐकलं होतं. मी पुढे झाले, पण जाऊबाईंनी मला डोळ्यांनीच थांबवलं. एका हातानं ओटीपोट आवळून धरलं आणि त्या सावकाश पालथ्या झाल्या.