सुभेदारांचा लान्स

एकाहत्तरच्या लढाईनंतर तिसऱ्या वर्षी माझी पोस्टिंग मेरठला होती. लष्कराच्या जनावरांच्या दवाखान्यात मी हवालदार होतो. जखमा धुणं, बांधणं हे माझं काम. त्या डिसेंबरात साठ दिवसांच्या रजेवर मलकापूरला आलो.

शेजारी सुभेदार रंगराव राहायचे, पेन्शनवर आलेले. मला भरतीला त्यांनीच नेलं होतं. त्यांच्या कुत्र्याचं नाव लान्स. अर्धी भाकरी ते स्वतः खात, अर्धी त्याला भरवत. लान्स त्यांच्या पायथ्याशी झोपायचा आणि तीन वर्षांची नात सुमन त्यांच्या पांघरुणात.

आलो त्याच सकाळी लान्सला पाहिलं. बरगड्या वर आल्या होत्या. खोकत होता. गळ्याखालची गाठ फुटून वाहत होती.

"म्हैना झाला, जखम भरंना. जरा बघ रं," सुभेदार म्हणाले आणि स्वतःच खोकायला लागले.

आठ दिवस ड्रेसिंग केलं. फरक नाही. नवव्या दिवशी त्याला कराडला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गाठीतला पू काचेवर घेतला, रंग दिला आणि मला मायक्रोस्कोपमधून दाखवला. निळ्यात बारीक लाल काड्यांसारखे जंतू.

"बहुतेक क्षय," डॉक्टर म्हणाले. "कुत्र्याला हा बहुधा माणसाकडून लागतो. घरात खोकतंय कोण?"

मला उत्तर माहीत होतं. मी औषधाचं विचारलं.

"माणसांचंच द्यावं लागेल, महिनोन्‌महिने. तरी जगेल असं वाटत नाही. आणि घरात मूल आहे."

परत येऊन सुभेदारांसमोर उभा राहिलो. वरिष्ठाला रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं.

"म्हंजे माज्यापास्नं लागलं त्याला?"

"व्हय. आवं, तुमी कवापास्नं खोकताय?"

"दसऱ्यापास्नं." ते अंगणात खेळणाऱ्या सुमनकडे बघत राहिले. "डॉक्टरला उद्या बोलीव, लान्सला सोडवाया. मग सांगलीला छाती तपासाया जाऊ. तिलाबी घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता डॉक्टर आले. सुभेदारांनी तोंडाला पंचा बांधला आणि लान्सचं डोकं मांडीवर घेतलं. "पड गड्या, पड निवांत," म्हणाले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. डॉक्टर "झालं" म्हणाले, तरी सुभेदारांचा हात त्याच्या कानांवरून फिरतच होता.

खड्डा मीच खणणार, असं सुभेदार म्हणाले. कुदळीचे चार घाव घातले, दम लागला. उरलेला मी खणला.

दहाच्या एसटीनं सांगली गाठली. एक्स-रेत सुभेदारांच्या उजव्या फुप्फुसावर डाग निघाला. सुमनची तपासणी ठीक आली. इंजेक्शनं सुरू झाली, माझी रजा संपली.

दीड वर्षानं मेरठला त्यांचं पत्र आलं. 'कोर्स पुरा झाला. एक्स-रे साफ हाय. सुमन परत माज्यापाशी झोपती. लान्सनं आमची पोर वाचवली आन्‌ मी त्याला मारलं. दुसऱ्या कुणाला ह्ये सांगता येत न्हाई, म्हणून तुला लिवलं.'

त्यानंतर सुभेदार अकरा वर्षं जगले. दुसरं कुत्रं त्यांनी पाळलं नाही.