सात ऑफिसर आणि चांदणीचा पाय

चांदणी घोडीनं मागचा उजवा पाय टेकलाच नाही. त्या वेळी तिच्याभोवती सात ऑफिसर उभे होते आणि त्या सातांवर मी. वय एकवीस, कडक इस्त्रीचं लुगडं, काखेत रजिस्टर. घोड्याबद्दल मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. तो पुढून चावतो आणि मागून लाथ मारतो.

परभणीच्या एका शाळेत मी नवी मास्तरीण होते. निजामाचं राज्य होतं. मुलांचा घोडेस्वारीचा क्लब काढा, असा वरून हुकूम आला. हेडमास्तरांनी मला बोलावलं.

"तुमचे वडील सलोत्री ना?"

सलोत्री म्हणजे जनावरांचा डॉक्टर. मी हो म्हटलं.

"मग क्लब तुमच्याकडे."

वडील इंजिन-ड्रायव्हर असते तर मला आगगाडी दिली असती का, हे विचारायचं सुचलं नाही. उलट मान ताठ झाली.

क्लबाला आधी घोडे लागतात असं कुणीही म्हणेल. मी आधी नियम लिहिले. सदर म्हणजे अध्यक्ष, त्यानं सभा चालवायची. मोतमद म्हणजे सेक्रेटरी, तिनं रोजचा रिपोर्ट लिहायचा. मुलं सात आली. सातही चांगल्या घरची, त्यामुळे कुणाला बिनपदाचं ठेवणं बरं दिसेना. मग नायब सदर म्हणजे उपाध्यक्ष केला, चारा ऑफिसर केला, पाणी ऑफिसर, खोगीर ऑफिसर केला. शेवटी बळीराम उरला, त्याला झेंडा ऑफिसर केलं. झेंडा नव्हता.

मुलांचे घोडे रोज सकाळी घरून यायचे आणि दुपारी घरी जायचे. तिथं त्यांची उस्तवार घरचे गडी करत. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुक्कामाला एकटी चांदणी होती. ती कासीमचाचांची. ते स्टेशनवर तांगा चालवायचे. हात मोडल्यामुळे तांगा बंद होता, म्हणून घोडी त्यांनी आम्हाला वापरायला दिली. अट एकच होती. हात बरा झाला की घोडी जशी दिली तशी परत.

भादव्याचे दिवस. शेडमध्ये चिखल आणि शेण एकजीव झालेलं. घोड्याची खरं तर लीद, पण आम्ही सगळे शेणच म्हणायचो. मी रोज दाराशी उभी राहून, पदर नाकाला लावून, रजिस्टरवर सही करायची. रिपोर्टात रोज "घोडी ठीक" असायचं. अक्षर सुंदर होतं.

सहाव्या आठवड्यात कासीमचाचा घोडी न्यायला आले आणि चांदणी तीन पायांवर बाहेर आली.

त्यांनी तिचा पाय उचलून मांडीवर घेतला, खुरातलं शेण काडीनं उकरलं आणि काडी माझ्या नाकाशी धरली. मी मागं सरकले. खुराच्या मधला मऊ भाग काळा पडून सडला होता. ओल्या घाणीत घोडं उभं ठेवलं आणि खूर रोज खरडले नाहीत की असं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"खूर कोन साफ करतंय हितं?" त्यांनी विचारलं.

देशमुखांचा गोविंद आमचा सदर. तो म्हणाला, "माजं काम सभा चालवायचं हाय."

"मी रिपोर्ट लिवते," वकिलांची शालिनी म्हणाली. ती मोतमद.

"लिवताना पाय बगितला का, बेटा?"

"बगायचं नियमात न्हाई, चाचा. लिवायचं हाय."

मी ऐटीत रजिस्टर उघडलं. नियम नववा सापडला. शेण काढणे व खूर साफ करणे : सामान्य सभासद.

"सामान्य सभासद कोण आहेत?" मी विचारलं.

कुणी हात वर केला नाही. मी नावं मोजली. पुन्हा मोजली.

"कुनीच न्हाई, बाई," बळीराम म्हणाला. "समदे ऑफिसरच हाईत." झेंडा ऑफिसर या नात्यानं त्यानं केलेलं हे पहिलं काम.

कासीमचाचा हसले नाहीत. "सहा हप्ते घरची चूल बायकोच्या शिवणावर चाललीय, बाई. आज हात बरा झाला, तर घोडी लंगडी झाली."

मी रजिस्टर मिटलं. नववा नियम माझ्याच अक्षरात होता.

वडील पिंगळीला राहायचे, एकच स्टेशन पलीकडे. त्यांना चिठ्ठी धाडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मोरचुदाच्या पाण्याची बाटली आली, सोबत दोन ओळी. "औषध पाठवलं आहे. खूर खरडायला हात लागतो, तो तुझ्याकडे आहे."

मी शेडमध्ये शिरले; कासीमचाचा आत होतेच. पदर खोचला आणि वाकले. घोडीनं शेपटी मारली, मी शेणात बसले. इस्त्री गेली ती कायमची.

"आता बसलाच हाय तर उठू नगा," कासीमचाचा म्हणाले. "घोडीसंगं सभा बसूनच करावी लागते. आता तिचा पाय घ्या. घट धरा, भिऊ नगा. तीच लय भ्यालीय."

मी पाय धरला, त्यांनी घाण काढायचं शिकवलं, मी औषध ओतलं. मुलं दाराशी उभी राहून बघत होती, काल मी उभी होते तिथंच. मग शालिनीनं चपला काढल्या आणि फावडं उचललं. गोविंद घुटमळला.

"मी सदर हाय, चाचा."

"मग पयलं टोपलं तुजं."

त्यानं उचललं. आम्ही शेड कोरडी केली, राख पसरली. रोज सकाळी खूर खरडायचे, औषध घालायचं, मग स्वारी. बाराव्या दिवशी चांदणीनं चारी पाय टेकले. कासीमचाचांनी तिला शाळेच्या आवारात तीन फेऱ्या फिरवलं, पाय पुन्हा उचलून वास घेतला आणि तांग्याला जुंपलं. त्यांचे बारा दिवस मात्र बुडाले ते बुडालेच. ते मला भरून देता आले नाहीत.

महिनाभरानं इन्स्पेक्शनला साहेब आले. रजिस्टर चाळता चाळता एका ओळीवर थांबले.

"सामान्य सभासद, एक. ये कौन साहब हैं?"

हेडमास्तरांनी छताकडे बघितलं.

"मी," मी म्हटलं.

"और आप के ऑफिसर?"

"शेण काढायलेत साहेब. झालं की येतील."

पुढं मी तीस वर्षं नोकरी केली, शेवटची काही हेडमास्तरीण म्हणून. समित्या पुष्कळ नेमल्या. दरवेळी पदं वाटायच्या आधी एकच विचारलं, शेण कोण काढणार? लोकांना वाटायचं, बाईंचं डोकं फिरलं, इथं घोडा कुठाय. पण घोडा नसला म्हणून शेण नसतं असं कुठं असतं?