गोचिडांचं औषध

मला मांजरं आवडत नाहीत हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मांजरीलासुद्धा. ती सासूबाईंची. सासरे गेल्यापासून रोज सासूबाईंच्या पायांशी झोपते आणि माझ्याकडे भाडेकरूकडे बघावं तशी बघते.

त्या पावसाळ्यात तिला पिसवा झाल्या. नवऱ्याच्या पोटऱ्या चावून लाल झाल्या तेव्हा त्याने आईला सुनावलं, "पिसवा जाईपर्यंत ही गोठ्यात." सासूबाईंना मी आत्या म्हणते. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर आत्यांनी गाईला गोचिडांचं औषध लावलं आणि तोच फडका मांजरीच्या मानेपासून शेपटीपर्यंत फिरवला. गाईला चालतं ते हिला का चालू नये? उभा जन्म गुरांत काढलेल्या बाईला दुसरं काही सुचणार तरी कसं?

दुपारी मांजर चुलीपुढे आडवी पडली आणि थडथड उडू लागली. तोंडाला फेस.

"पोरी, बग गं, हिला काय झालं!"

मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पलीकडच्या गावात एका अडलेल्या गाईपाशी होते. औषधाचं नाव ऐकताच म्हणाले, "मांजराला ते विष आहे. मी निघतोच, पण तोवर थांबू नका, धुऊन काढा. भांड्यांचा साबण घ्या, पाणी कोमट, गरम नको. अंग चाटू देऊ नका. आणि लगेच कोरडी करून उबेत ठेवा, गारठली तर हातची जाईल."

मोरीत घमेलं ठेवलं. पाणी अंगाला लागताच तिने माझं मनगट ओरबाडलं, रक्त आलं, आणि मला बरं वाटलं. अंगात जोर आहे अजून. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. दुसऱ्या पाण्याला ती ओरबाडेनाशी झाली. मान माझ्या हातावर लटकली. मला रडूच फुटलं. "ओरबाड ना गं, मेले," मी म्हणत होते, "ओरबाड की!"

आत्या दारात उभ्या होत्या. "मी धरू का?"

"नको! हातांना वास येतोय तुमच्या." मी खेकसलेच. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

आता पुसायचं कशाने? आमच्या मळवलीत त्या दिवसांत कोरडं काही नसतं. दोरीवरचे टॉवेल दमट, चादरी दमट, अंगावरची साडीसुद्धा दमट. मी एकेक कापड गालाला लावून बघत होते आणि मांजर मांडीवर थरथरत होती.

आत्यांनी मोरीतला साबण घेऊन कोपरापर्यंत हात घासले आणि माझ्या नाकाशी धरले. "आता येतोय?"

"नाही."

मग त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. कडुनिंबाच्या पाल्यात जपून ठेवलेला सासऱ्यांचा पांढरा सदरा बाहेर काढला. जयंतीच्या मिरवणुकीत घालायला मागितला होता तर पोटच्या पोरालाही दिला नव्हता.

"ह्यो कोरडा हाय," म्हणाल्या, आणि मांजरीला त्यात गुंडाळून पोटाशी धरून चुलीपाशी बसल्या.

डॉक्टर भिजून आले. सदरा सोडायला लागले तसा आत्यांनी त्यांचा हात धरला. "सुईपुरतं उगडा. बाकी ऱ्हाऊ द्या." त्यांनी इंजेक्शन दिलं. आज निभावली तर निभावली, म्हणाले.

दिवेलागणीला थरथर थांबली. झोपली की गेली, काही कळेना. आत्यांचा बघायचा धीर होईना. "तू बग," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

माझाही धीर होत नव्हता. तरी सदऱ्यात हात घातला, तर तिने बोटाला कडकडून चावा घेतला.

"आत्या, चावली!" मी ओरडले, आणि आम्ही दोघी चुलीपुढे रडत बसलो.