दोन देशांच्या परीक्षा आणि प्लास्टरवाली

प्लास्टरच्या खोलीत येणारा प्रत्येक नातेवाईक तिला आधी 'डॉक्टर' म्हणायचा आणि ती प्रत्येकाला तेच सांगायची, "मी डॉक्टर नाही हो, मी प्लास्टर घालते." सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. समोरचा "असं होय" म्हणायचा, आणि त्या 'असं होय'मध्ये त्याचा आवाज जरा खाली उतरायचा. ते तिला बरोबर ऐकू यायचं.

शाळा संपल्यावर ती डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा थोडक्यात हुकली होती. पुन्हा बसायचे लाड वडिलांनी केले नाहीत. मग विज्ञानाची पदवी, मग तंत्रज्ञाचा कोर्स, मग हे रुग्णालय आणि ही खोली. उंच टेबल, कोमट पाण्याची बादली, पट्ट्यांचे गठ्ठे, आणि प्लास्टर कापायची करवत, जिचा आवाज ऐकून धडधाकट बाप्येही डोळे घट्ट मिटायचे. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामात. माणूस सरळ. घरात तिसरं माणूस सासू. तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे.

नणंद परदेशात राहायची. ती माहेरपणाला आली ती बातमी घेऊनच. "अगं, आमच्याकडे पदवी झालेल्यांसाठी वेगळी परीक्षा असते. वय कुणी विचारत नाही. तू बस ना!"

आणि नेमकी त्याच सुमारास इथल्या परीक्षेचीही वयाची अट उठली. इतकी वर्षं एक दार किलकिलं होत नव्हतं, आता दोन सताड उघडी. माणसाने आनंदाने नाचावं. ती मात्र त्या दिवसापासून चिडायला लागली ती लागलीच.

कारण दोन परीक्षा एकमेकींच्या सवती होत्या. इथल्या परीक्षेत प्रश्न छोटे, वेळ त्याहून छोटा, आणि उत्तर चुकलं तर मिळालेले गुणही कापायचे. म्हणजे खात्री नसेल तिथे सोडून द्यायचं आणि पुढे पळायचं. नणंदेच्या देशातल्या परीक्षेत पानपानभर उतारे, आलेख, आणि 'यावरून काय अनुमान निघतं' असले प्रश्न. तिथे चुकण्याला दंड नव्हता, म्हणून एकही जागा मोकळी सोडायची नाही. सकाळी एक शिकायचं, संध्याकाळी त्याच्या उलटं.

इथल्या परीक्षेसाठी तिने सकाळचा क्लास लावला. बाकावर शेजारी सतरा-अठरा वर्षांची पोरं. पहिल्याच दिवशी एकीने अदबीने विचारलं, "काकू, पालकांची मीटिंग आज आहे का?"

"मला माहीत नाही. मी माझीच पालक आहे."

पोरगी ओशाळली. तिलाही नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा फार बरं वाटलं होतं.

क्लासचे सर टेबलावर खडू आपटत फिरायचे. "ताई, तुम्ही विचार करत बसता! विचार नका करू, आठवा!" आणि संध्याकाळी फोनच्या पडद्यावर नणंद, "अगं, पाठ केलेलं काय म्हणून दाखवतेस? आठवू नकोस, विचार कर!"

एकदा ती दोघांच्याही नावाने बोटं मोडत घरी आली. नवऱ्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, "हे बघ, लिफ्टची दोन बटणं एकदम दाबली तरी ती एका वेळी एकाच मजल्यावर थांबते."

"मी लिफ्ट नाहीये!"

"मी आपलं उदाहरण दिलं."

"तुमची उदाहरणं कामावर ठेवून येत जा!"

सासू आतून म्हणाली, "तो चुकीचं काय बोलला? एक ना धड, भाराभर चिंध्या. एक काय ते ठरव आणि आम्हाला जेवायला वाढ."

ठरवायचं म्हणजे काय, हेच तर कळत नव्हतं. इथे बसणारे लाखो, जागा मूठभर. तिथे जागा त्या मानाने बऱ्या, पण परीक्षेनंतर मुलाखत, मुलाखतीनंतर परवाना, आणि शिकून परत यायचं म्हटलं तर इथे पुन्हा वेगळी परीक्षा. एकाला हो म्हटलं की दुसरं हातचं जाईल असं वाटायचं, आणि हातात तर काहीच नव्हतं. दोन्ही द्यायच्या ठरल्या.

व्हायचं तेच झालं. दोन्ही परीक्षा एकाच आठवड्यात आल्या. इथल्या परीक्षेत ती भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नावर विचार करत बसली. घंटा झाली तेव्हा शेवटचं पान नुसतं वाचायचंही राहिलं होतं. तीनच दिवसांनी परगावच्या केंद्रावर दुसरी परीक्षा. उतारे तिला छान कळले, आलेख कळले. जिथे खात्री नव्हती तिथे मात्र ती सवयीने मोकळी जागा सोडून पुढे गेली. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तिला आठवलं, या परीक्षेत दंड नव्हता. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी चाललं असतं. ती तिथेच पायरीवर बसली. फाटकाशी उभा असलेला नवरा धावत आला. "बरं वाटत नाहीये का?"

"मी मूर्ख आहे," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

निकाल लागले. इथे ती कुठल्या कुठे मागे होती. तिथे अगदी थोडक्यात हुकली. किती थोडक्यात ते पाहून तर ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. नणंदेचा फोन आला. "वाईट नको वाटून घेऊस, पुढच्या वर्षी नक्की. आणि ऐक, आणखी एक देश आहे. तिथली परीक्षा म्हणे फारच सोपी, फक्त भाषा शिकावी लागते."

"बस झालं, वन्सं!" ती एवढ्या जोराने ओरडली की सासू बाहेर आली. "आणखी एक देश काढलात तर मी फोन उचलणार नाही!"

नणंद दुखावली. महिनाभर दोघींत अबोला होता.

त्याच महिन्यात मनगट मोडलेले एक आजोबा पुन्हा आले. चार दिवसांपूर्वी तिनेच प्लास्टर घातलं होतं. "काय आजोबा, ठणकतंय का?"

"ठणकत नाही गं बाई. आत काहीतरी सलतंय."

तिने प्लास्टर उघडलं. आतला कापूस गोळा होऊन एका जागी रुतला होता. घालताना तिचंच लक्ष कुठेतरी होतं. तिने माफी मागितली, नव्याने पट्ट्या भिजवल्या, आणि हातांनी काम चालू असताना तिच्या मनात आलं: नणंदेच्या देशात मी काय विचारलं असतं? मुलाखतीची तयारी म्हणून तिने तिथली वाक्यं घोटली होती. ठणकणं, सलणं, खुपणं, ठसठसणं, चमक मारणं. त्या भाषेत तिच्याकडे या सगळ्याला मिळून एकच शब्द होता. शिकता आले असते बाकीचे. पण तिला ते शिकायचे नव्हते. तिला हीच माणसं हवी होती, ह्याच तोंडाने बोलणारी.

म्हणजे जी परीक्षा तिला जमत होती त्या देशात तिला जायचं नव्हतं, आणि जिथे राहायचं होतं तिथली परीक्षा जमत नव्हती. उत्तर सापडलं ते असं. राग कमी होण्याऐवजी वाढलाच.

तरी तिने नणंदेला फोन केला. "वन्सं, मी इथलीच देणार."

"इकडची तू एवढ्याशाने हुकलीस, आणि तिकडची..."

"माहीत आहे."

"बरं. पण चुकलीस तर मला बोल लावू नकोस."

"तुम्हालाच लावणार. दुसरं आहे कोण?"

नणंद हसली. अबोला सुटला.

दुसऱ्या वर्षी तिने एकच तयारी केली. उताऱ्यांची पुस्तकं तिने शेजारच्या मुलीला देऊन टाकली. सरांचा खडू सहन केला, पाठ केलं, घड्याळ लावून प्रश्न सोडवले, आणि यंदा पेपर पुरा झाला. निकालात ती बरीच वर आली. पण डॉक्टरकीच्या जागा तिच्या अलीकडेच संपल्या. तिच्या वाट्याला आली दंतवैद्यकीची जागा.

"तोंड तरी माणसाचंच ना?" नवरा म्हणाला. ती खळखळून हसली आणि हसता हसता रडायला लागली. त्याला कळेना, पाणी आणावं की गप्प बसावं. त्याने पाणी आणलं.

ती जागा तिने घेतली नाही. सासू भडकली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी! हाडं सोडून दात बघवत नाहीत का तुला?"

"नाही बघवत, आई."

"मग बस परत. पण आता घरात आदळआपट करायची नाही. भांड्यांना पोचे आलेत."

यंदा क्लासमध्ये नवी पोरं आली आहेत. सरांनी तिला पुढच्या बाकावर बसवलंय. ती अजूनही चिडते. भौतिकशास्त्रावर, खडूवर, स्वतःवर. पण आता चिडायला एकच परीक्षा आहे. सकाळी क्लास सुटला की ती तशीच रुग्णालयात जाते, हात धुते आणि बादलीत कोमट पाणी भरते. बाहेर बाकावर माणसं बसलेलीच असतात.