त्याच्या डोक्यावर टाक

डॉयलनं मला प्लेटवर, म्हणजे बॅटवाल्याच्या जागेवर, उभं केलं. हातात बॅट दिली नाही. हात मागे घे म्हणाला, आणि मी घेतले. आज सांगतानाही लाज वाटते, पण घेतले. मग तो मैदानाच्या मधोमध गेला, पाय उचलला आणि बॉल माझ्या बरगडीत घातला.

आत काडकन आवाज झाला. मी गुडघ्यावर आलो. तोंडात वाळू गेली, आणि वाळूला तेलाचा वास, कारण धूळ बसावी म्हणून त्या मैदानावर तेल मारायचे. भोवती साहेब लोक, त्यांच्या बायका, हातात गार पेप्सी. सगळे हसले. एक बाई टाळ्या पिटत ओरडली, "टेक युअर बेस!" त्यांच्या खेळात बॉल अंगावर बसला की बॅटवाल्याला पहिल्या बेसपर्यंत फुकट चालत जायला मिळतं. मला त्यांनी चालवलं. बरगडी धरून, वाकून, टाळ्यांच्या तालावर.

माझा गुन्हा काय होता, तो सांगतो.

सौदीत धाहरानजवळच्या साइटवर मी रिगर होतो. क्रेनला लोड बांधायचा, सोडायचा. तेव्हा तिथं तेलाला नुसता ऊत आला होता. वर पाइपरॅकवरच्या माणसाला बोल्ट लागला की मी खालून फेकायचो, थेट त्याच्या हातात. लहानपणी लोकांच्या ज्वारीतली पाखरं हाकली, तिथं हा नेम बसला. डॉयल आमच्या साइटचा मोठा साहेब. आधी अमेरिकेत पिचर होता, म्हणजे बेसबॉलमध्ये बॉल टाकणारा. त्याचीच नोकरी, त्याचाच पगार. पेपरात फोटो यायचे म्हणे. मग खांदा गेला आणि मालकांनी त्याला उसाच्या चिपाडासारखा फेकून दिला. घरात गाळलेली दारू पिऊन तो हे सांगायचा आणि रडायचा. दुसऱ्या दिवशी साइटवर आला की आम्हाला लाथा घालायचा.

त्यानं माझा हात बघितला. शुक्रवारी सुट्टीला कंपनीच्या बसमधून तारेच्या कुंपणाआतल्या त्यांच्या वसाहतीत न्यायला लागला. साहेबांना बॅटिंगची प्रॅक्टिस द्यायची. टप्पा नाही, धाव नाही, उभ्या जागेवरून कोपर वाकवून फेकायचं. खरं सांगतो, मला आवडलं! आमच्या लेबर कॅम्पात क्रिकेट खेळताना "हा फेकतोय, हा फेकतोय" म्हणून आपलेच लोक बॉल काढून घ्यायचे. इथं तोच हात चालत होता. पाणी मात्र बागेच्या नळीनं प्यायचं. त्यांच्या कूलरला हात लावायचा नाही. ते काय मला नवीन नव्हतं.

एके दिवशी डॉयल बॅटिंगला होता. माझा बॉल त्याच्या मांडीवर बसला. क्रिकेटमध्ये असं रोज होतं. आपण हात वर करतो, सॉरी म्हणतो, पुढचा बॉल टाकतो. मीही तेच केलं. मला काय माहीत, त्यांच्यात पिचरनं अंगावर बॉल घालणं म्हणजे तोंडावर थुंकणं असतं, आणि त्याची परतफेड तशीच करायची असते! ह्या कुलीनं चारचौघांत आपल्याला ललकारलं, असं त्याला वाटलं. म्हणून ती बरगडी.

पुढं महिन्याभरानं दुसऱ्या ठेकेदाराच्या टीमशी मॅच होती. डॉयलचा पिचर आजारी पडला. त्यानं माझ्या अंगावर कंपनीचा शर्ट चढवला. म्हणाला, "आज तू आमचा." मी बरगडीवर करकचून पट्टा बांधला आणि उभा राहिलो. गाढव मी. शर्टानं छाती फुगली होती.

समोरच्या टीममध्ये रोमी नावाचा फिलिपिनो पाइपफिटर होता. आमच्यासारखाच कॅम्पात राहणारा. त्यानं माझे बॉल कुंपणाबाहेर मारले. साहेबांची तोंडं उतरली. रोमी पुन्हा बॅट घेऊन आला, डोक्यावर नुसती कापडी टोपी. डॉयल चालत माझ्याजवळ आला. कानात म्हणाला, "हिट हिम. इन द हेड." मग म्हणाला, "मारलंस तर कायमचा टीममध्ये. नाही मारलंस तर इकामा रद्द, घरी." इकामा म्हणजे तिथं राहायचा, काम करायचा परवाना.

मला बाप आठवला. बाप गावचा येसकर, वेशीचा राखणदार. आमच्या भावकीतल्या तात्यानं पाटलाच्या विहिरीवर पाणी पिलं, तेव्हा पाटलानं चावडीपुढं बापाच्या हातात चाबूक दिला. बापानं तात्याला फोडला. रडत फोडला, पण फोडला. घरी आल्यावर आई त्याला भाकरी वाढेना. म्हणाली, "पाटलाला हात न्हाईत व्हय? तुमचंच का लागत्यात?"

रोमी माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं होतं. मी बॉल वाळूत टाकला. "नो," म्हणालो.

डॉयलनं थोबाडीत मारली. "पिक इट अप, बॉय." मी उचलला नाही. दुसरी बसली. नाकातून रक्त ओठावर आलं, आणि च्यायला, कित्येक वर्षांचं काहीतरी त्या रक्ताबरोबर बाहेर पडलं. मी त्याच्या तोंडावर ठोसा घातला. दात लागून मुठीची सालं निघाली. तो पडला तर छातीवर बसून मारला. तात्याच्या नावानं मारला, बापाच्या नावानं मारला. मग बाकीचे बॅटी घेऊन आले. उजवा कोपर फुटलेला मला ऐकू आला. रोमी आडवा आला, त्यालाही तुडवला.

इकामा खलास. विमानतळावर सोडायला कंपनीचा ड्रायव्हर इस्माईलभाई होता, रत्नागिरीकडचा. गाडी थांबवून म्हणाला, "अरे, एक बॉल टाकून मोकला झाला असतास. काय मिलाला तुला? तो फिलिपिनो तुझा कोन लागतो?"

मी म्हणालो, "इस्माईलभाई, कुणी लागत नाही. पण ह्यापुढं मला कुणीही म्हणालं, त्याला मार, तर पहिला तडाखा म्हणणाऱ्याच्याच तोंडावर बसेल. साहेब असो, पाटील असो."

त्यानं माझ्या प्लॅस्टरकडं बघितलं. "त्या हातानं?"

"डावा आहे," मी म्हणालो, आणि बॅग त्याच हातानं उचलली.