एकाच पाण्यावरचे

पुण्याला निघालो तेव्हा आमच्या सावली गावच्या स्टँडवर काकी माझ्या बॅगेत सुक्या झिंग्यांची पुडी कोंबत होती. तिचा एकुलता एक देवा, माझा चुलतभाऊ, जाऊन चार महिने झाले होते. "आता मले तूच हाये, बापा," ती म्हणाली. मी तिच्याकडे न बघता एसटीत चढलो. लोकांना वाटलं, पोरगा हळवा आहे.

गाव का सोडलं, असं विचारलं की तुम्ही सगळे नोकरीचं कारण सांगता. मीही तेच सांगतो. इथं क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो, फ्रोझन मासे खातो, गावच्या तलावाचं नाव काढत नाही. मागच्या महिन्यात एका मुलीनं विचारलं, "सर, रायव्हल म्हणजे एक्झॅक्टली काय?" प्रतिस्पर्धी, मी म्हणालो. दोन टीम, दोन पक्ष, एका जागेचे दोन उमेदवार. उदाहरणांना काय तोटा. पण शब्दाचं मूळ खणायची माझी जुनी खोड. घरी येऊन कोश उघडला. लॅटिनमध्ये ओढ्याला जो शब्द, त्यातून हा निघालेला. मूळ अर्थ, एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे. त्या दिवशी मी जेवलो नाही.

आम्ही ढिवर, मासेमारीवर जगणारे. देवा आणि मी एकाच तलावावर वाढलो. त्याला पाण्यातली मासोळी दिसायची, मला पुस्तकातली अक्षरं. तरी बाबा रोज म्हणायचे, "देवाकडे पाह्य. किती मासोळ्या आणते तो. तुले काऊन नाई जमत?" मला देवाचा राग यायचा. त्याला बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

तलावात एक जुनं झाड बुडालेलं होतं. जाळं त्यात अडकू नये म्हणून तिथं खूण म्हणून बांबू रोवलेला असे. त्याच्यापासून लांब जाळं टाकायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका संध्याकाळी मी तो बांबू उपटून दहा हात बाजूला रोवला. देवाचं जाळं फाटावं, एक दिवस तरी त्यानं रिकाम्या हातानं घरी यावं, एवढंच मनात होतं. सकाळी जाळं अडकलं. सोडवायला त्यानं बुडी मारली आणि तो त्यातच गुरफटला. जाळं फाटलं नाही.

गाव म्हणालं, गाळात बांबू सरकला असेल. मीही मान हलवली.

तेव्हापासून तो येतो. फळ्याकडून वळलो की शेवटच्या बाकावर ओल्या केसांचं कोणीतरी बसलेलं असतं. नीट पाहिलं की बाक रिकामा. मी घाबरतो, आणि तो दिसला नाही तर जास्त घाबरतो. बायकोला सांगितलंय, बीपी आहे.

गेल्या रविवारी काकीला फोन लावला, आज सांगायचंच असं ठरवून. सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून त्या शब्दाचीच गोष्ट सांगत बसलो. एका पाण्यावरच्या माणसांना इंग्रज वैरी समजतात, म्हटलं.

"एका पाण्यावरचे त भाऊच असते ना," ती म्हणाली. "वैरी काऊन म्हणून राह्यले ते?"

ती विचारत राहिली, जेवला का, पोरं कशी हायेत, कधी येतं. दिवाळीला येतो, एवढंच म्हणालो.

घर म्हणजे आता माझ्यासाठी काकीसमोर बसून बोलायचं एक वाक्य आहे. तिनं सत्तरी ओलांडली. दिवाळीचं तिकीट काढलंय. मागच्या दिवाळीचंही काढलं होतं.